चौरस मीटरला पडलं किती?

अठरा होलच्या गोल्फ कोर्सला पन्नास-साठ हेक्टर जमीन लागते. त्यातली ग्रीन्स, म्हणजे झेंड्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ, सगळी मिळून जेमतेम एक हेक्टर भरते. पण क्लबचा पैसा, कमिटीतली भांडणं आणि सुपरिंटेंडंटची झोप या एका हेक्टरातच जाते. फेअरवेचा पट्टा पिवळा पडला तर कुणी विचारत नाही. ग्रीनवर वाटीएवढा डाग दिसला की दुपारच्या आत कॅप्टनचा फोन येतो. फवारणीच्या खतांचा धंदा या फोनच्या भीतीवर चालतो, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, नाशिक पट्ट्यात द्राक्षबागायतदारांना सल्ला देत हिंडलो आणि मग दख्खनच्या पठारावरच्या एका क्लबात ग्रीन्स सांभाळायला आलो. ग्रीनवरचं गवत बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीचीच सुधारलेली बुटकी जात. आमच्याकडे टिफड्वार्फ आहे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनहून १९६५ मध्ये प्रसारित झालेली. वडिलांनी जी हरळी आयुष्यभर बांधावरून खणून काढली, तिलाच मी पगार घेऊन खत घालतो. घरी हा विषय आम्ही टाळतो.

क्लबाच्या गोदामात तेव्हा बाटल्यांची रांग होती. सोनेरी लेबलं, त्यांवर गोल्फरचं चित्र, आत समुद्रशेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक आणि ‘खास ग्रीन्ससाठी’ बनवलेलं द्रवखत. पुरवठादारानेच वर्षभराचं वेळापत्रक करून दिलेलं होतं: दर पंधरवड्याला अमुक बाटली, हेक्टरी पाच लिटर. ग्रीन्स दिसायला देखणी होती, सभासद खूश होते. पण चेंडू पडून झालेल्या खळग्या आठवडेच्या आठवडे भरत नव्हत्या. जुन्या होलच्या जागी बसवलेले गवताचे गड्डे आजूबाजूच्या हिरवळीत मिसळत नव्हते. कडा विरळ होत्या आणि पावसाळ्यात त्या विरळ जागी काळं शेवाळ धरायचं. मुकादम एकदा म्हणाला, “साहेब, काळोखी तर बघा कशी आलीय! पण कटिंगची टोपली काही भरत नाही.”

रोग त्या एका वाक्यात पकडला गेला होता. काळोखी होती, वाढ नव्हती.

मी बाटलीचं लेबल घेऊन हिशेबाला बसलो. नत्र १० टक्के, एका लिटरचं वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे लिटरमागे १२० ग्रॅम नत्र. आमची ग्रीन्स ९,००० चौरस मीटर. हेक्टरी पाच लिटर म्हणजे एका फवारणीला साडेचार लिटर, म्हणजे ५४० ग्रॅम नत्र. ते ९,००० चौरस मीटरवर पसरलं की चौरस मीटरला पडलं ०.०६ ग्रॅम. महिन्याच्या दोन फवारण्यांचं ०.१२ ग्रॅम. आपल्याकडच्या उन्हात वाढीला लागलेल्या बर्म्युडा ग्रीनला महिन्याला चौरस मीटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम नत्र लागतं. गवत चक्क उपाशी होतं आणि आम्ही त्याच्या तोंडाला रंग लावत होतो. हा रंग लोहाचा. बाटलीत थोडं चिलेटेड लोह असायचं, आणि लोह पानावर पडलं की एका दिवसात काळोखी येते. वाढीशी तिचा फारसा संबंध नसतो. अधूनमधून कुणाच्या तरी लक्षात यायचं की गवत बसलंय, मग दाणेदार खताचा एक मोठा हप्ता टाकला जायचा, आठवडाभर गवत पिसाटल्यासारखं वाढायचं, पटिंगचा वेग पडायचा, तक्रारी यायच्या आणि पुन्हा बाटलीकडे वळायचं. वर्षाचं चक्र ते हेच.

द्राक्षवाल्याला हे पटायला वेळ लागत नाही. नाशिककडचा साधा बागायतदारही ‘बारा एकसष्ट’, ‘झिरो बावन्न चौतीस’, ‘तेरा झिरो पंचेचाळीस’, ‘झिरो झिरो पन्नास’ असे आकडे तोंडपाठ बोलतो. कंपनीचं नाव नंतर येतं. गोल्फमध्ये उलटं आहे. तिथे नाव आधी सांगतात आणि आकडा बाटलीच्या मागच्या बाजूला, भिंगातून वाचावा एवढ्या अक्षरात असतो.

म्हणून पहिलं काम ग्रीन मोजण्याचं. स्कोअरकार्डच्या कागदपत्रांतलं क्षेत्रफळ बहुधा कोर्स बांधतानाचं असतं. त्यानंतर वर्षानुवर्षं मोवर फिरवताना कडा आत-बाहेर सरकलेल्या असतात. मधोमध दोरी ताणा, दर दोन मीटरला दोरीपासून दोन्ही कडांपर्यंतची रुंदी घ्या, बेरीज करून दोनने गुणा. आमच्याकडे एक ग्रीन कागदावरच्यापेक्षा बरंच लहान निघालं. म्हणजे त्याला इतकी वर्षं शेजाऱ्यापेक्षा जास्त डोस मिळत होता, आणि ‘ते ग्रीन जात्याच चांगलं’ अशी त्याची ख्याती झाली होती.

दुसरं काम भावाचं. बाटलीचा किंवा गोणीचा भाव पाहायचाच नाही, एक किलो नत्राचा भाव काढायचा. समजा, वरची बाटली ११०० रुपयांना आहे. १२० ग्रॅम नत्राला ११०० म्हणजे किलोला नऊ हजारांच्या वर. समजा, विनाअनुदानित युरिया साठ रुपये किलो मिळाला. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे एक किलो नत्राला १३० रुपये. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र साडेवीस टक्के; ते तीस रुपये किलोने घेतलं तर नत्राचा भाव १४६ रुपये पडतो, वर गंधक फुकट. भाव बदलतील, आकडे तुमच्या दुकानदाराचे घाला, पण अंतर असं सत्तर पटींचं निघालं तर त्या बाटलीने काय वेगळं केलं, हे विचारायलाच हवं.

उत्तर तयार असतं: “सर, आमचं पानातून शिरतं, युरिया वाया जातो.” इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळा खर्च या एका वाक्यावर होतो. युरियाचा रेणू लहान असतो आणि त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे पानावरच्या मेणचट थरातून तो इतर बऱ्याच खतांपेक्षा सहज आत जातो. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी खूण पटणारं समस्थानिक नत्र वापरून बेंटग्रास आणि बर्म्युडाच्या पटिंग ग्रीनवर हे तपासलं आहे. पानांतून जेवढं नत्र शिरतं त्याचा मोठा भाग पहिल्या चार तासांतच शिरतो, आणि साधा युरिया महागड्या स्रोतांपुढे मागे पडत नाही. जे पानावर राहतं ते पुढच्या पाण्याबरोबर मुळाशी जातं आणि तिथून घेतलं जातं. ग्रीनवरचं गवत ३-४ मिलिमीटर उंचीचं, त्याखाली लगेच मुळं. थेंब कुठे जाणार? पाण्यात पूर्ण विरघळणारं कुठलंही खत पानावर फवारता येतं. त्यासाठी लेबलवर ‘फोलिअर’ लिहिलेलं असण्याची गरज नाही.

नॅनो युरियाबद्दल हल्ली प्रत्येक कमिटी मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात त्याला जागा मिळाली तेव्हा त्यात नत्र ४ टक्के होतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम. वाळलेल्या गवताच्या पात्यात साडेतीन-चार टक्के नत्र असतं, म्हणजे ग्रीनवरून एक किलो वाळलेलं कटिंग उचललं की ३५ ते ४० ग्रॅम नत्र कोर्सबाहेर गेलं. कण कितीही बारीक असला तरी २० ग्रॅममधून ४० ग्रॅम भरून निघत नाहीत.

आता सावधगिरी दुसऱ्या बाजूची. बाटल्या महाग हे कळल्यावर काही जण एकदम दुसऱ्या टोकाला जातात. ओळखीच्या एका कोर्सवर, नाव सांगत नाही, नव्या कमिटीने बाटल्या बंद केल्या आणि ‘युरिया मारा’ असा हुकूम सोडला. माळ्याने प्रत्येक ग्रीनला किलोभर युरिया पाठीवरच्या सोळा लिटरच्या एका पंपात घेतला आणि एप्रिलच्या भर दुपारी, खेळाडू नसतात म्हणून, फवारला. तिसऱ्या दिवशी सगळ्या ग्रीन्सवर करपल्याचे पट्टे उमटले. जिथे दोन हात एकमेकांवर आले तिथे पट्टा जास्त गडद. मला बघायला बोलावलं. सगळे म्हणत होते, डोस जास्त झाला. हिशेब केला तर ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर ४६० ग्रॅम नत्र, म्हणजे चौरस मीटरला ०.९ ग्रॅमच्या आसपास. एका वेळेला जरा जड, पण गवत मारण्याइतका नाही. गवत जाळलं ते कमी पाण्याने आणि उन्हाने. सोळा लिटरमध्ये एक किलो म्हणजे सहा टक्क्यांच्या वरचं द्रावण.

आमचं प्रमाण असं: एका वेळी चौरस मीटरला ०.५ ग्रॅम नत्र, पाणी ८० मिलि. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला २५० ग्रॅम नत्र, म्हणजे युरिया साधारण ५४५ ग्रॅम, पाणी ४० लिटर, म्हणजे अडीच पंप. द्रावण दीड टक्क्याच्या आत राहतं. पाणी निम्मं केलं की द्रावण पावणेतीन टक्क्यांवर जातं आणि उन्हाळ्यात ते पात्यांची टोकं पोळतं. वेळ पहाटेची किंवा ऊन उतरल्यावरची. आधी कटिंग, दव पुसून काढायचं, मग फवारणी, नंतर किमान चार तास पाणी नाही आणि पुढचं कटिंग शक्य तितकं लांबवायचं. आमचा कोर्स सोमवारी बंद असतो, त्यामुळे फवारणीचा वार आपोआप ठरला.

इथे शेतकऱ्यांच्या सवयीतली एक अडचण सांगतो, कारण आमचे बहुतेक माळी शेतातूनच आलेले असतात. शेतात डोस ‘लिटरला किती ग्रॅम’ असा बोलला जातो. झाड ओलं होईपर्यंत मारायचं, झालं. ग्रीनवर या मापाला अर्थ नाही. ‘तीन एकोणीस लिटरला पाच ग्रॅम’ ही बागेतली नेहमीची मात्रा घ्या. ८० मिलि पाण्यातून चौरस मीटरवर ०.४ ग्रॅम खत पडलं आणि त्यात नत्र ०.०७६ ग्रॅम. गरजेच्या एक षष्ठांशही नाही. बरं, तेवढ्याच टक्क्यांचं स्फुरदही पडलं, ज्याची गवताला त्या प्रमाणात मुळीच गरज नाही. गवताच्या पात्यात नत्राच्या तुलनेत स्फुरद आठवा भाग आणि पालाश साधारण निम्मा असतो. लेबलवरचे स्फुरद-पालाशचे आकडे ऑक्साइडच्या रूपातले असतात, हेही लक्षात ठेवा; मूळ स्फुरद काढायला ०.४४ ने आणि पालाशला ०.८३ ने गुणायचं. समान आकड्यांचं खत ग्रीनसाठी घेणं म्हणजे नको त्या मालाचं भाडं भरणं.

स्फुरद द्यायचा की नाही हे माती परीक्षण ठरवतं. मायका वुड्स आणि लॅरी स्टोवेल यांनी २०१२ मध्ये मांडलेली किमान पातळ्यांची पद्धत मला सगळ्यात कामाची वाटते: मातीत पालाश ३७ आणि स्फुरद २१ पीपीएमच्या वर राहील एवढंच द्या, जास्तीचा साठा करू नका. पण हे आकडे मेहलिक-३ नावाच्या चाचणीचे आहेत. आपल्याकडच्या प्रयोगशाळा स्फुरद बहुधा ओल्सन पद्धतीने काढतात, आणि दोन्हींचे आकडे एकमेकांना लावता येत नाहीत. नमुना देतानाच पद्धत विचारून घ्या. एका सल्लागाराने ओल्सनचा आकडा मेहलिकच्या तक्त्याशी ताडून एका क्लबाला वर्षभर स्फुरदाची फवारणी करायला लावली होती. क्लबाने मातीत पुरेसं असलेलं खत पुन्हा विकत घेतलं.

पालाश मात्र वाळूच्या ग्रीनमध्ये टिकत नाही. शास्त्रीय पद्धतीच्या ग्रीनखाली तीस सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली दहा सेंटिमीटर खडी असते. अन्न धरून ठेवायला चिकणमाती नसतेच, एका मुसळधार पावसात पालाश खाली निघून जातो. त्यासाठी ‘झिरो झिरो पन्नास’ घ्या, पोटॅशियम सल्फेट. म्युरिएट ऑफ पोटॅश स्वस्त दिसतं, पण त्याचा क्षार निर्देशांक ११६, सल्फेटचा ४६. आधीच खारट बोअरचं पाणी असताना पानावर क्लोराइड मारण्यात शहाणपण नाही. विरघळायला पोटॅशियम सल्फेट आळशी आहे, आदल्या संध्याकाळी भिजत घालावं लागतं. तेवढी मेहनत परवडते.

युरिया कुठला? शेतीसाठीचा अनुदानित युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाने माखलेला येतो. पाण्यात तेलकट साय येते, गाळलं नाही तर नोझल तुंबतात. शिवाय तो सरकारच्या पैशाने शेतकऱ्याला स्वस्त केलेला माल आहे. खेळाच्या हिरवळीसाठी क्लबाने त्या रांगेत उभं राहू नये, असं मला वाटतं. विनाअनुदानित, बाय्युरेट कमी असलेला युरिया मागा आणि बाय्युरेटचा आकडा लेखी घ्या. खत नियंत्रण आदेशात दीड टक्क्यापर्यंत बाय्युरेट चालतं, पण फवारणीसाठी ते जितकं कमी तितकं बरं. संत्रा-मोसंबीवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, कारण लिंबूवर्गीय झाडांची पानं बाय्युरेटने लगेच पिवळी पडतात. युरिया पाण्यात टाकला की पाणी इतकं थंड होतं की बादलीला बाहेरून घाम येतो. थंड पाण्यात बाकीची खतं नीट विरघळत नाहीत, म्हणून युरिया शेवटी.

लोहाचं आता सांगतो, कारण बाटलीतली जादू तीच होती. फेरस सल्फेटमध्ये १९ टक्के लोह असतं आणि ते स्वस्त आहे. चौरस मीटरला अर्धा-पाऊण ग्रॅम पुरतं. दुप्पट केलं तर गवत काळं पडतं आणि सभासद ग्रीन जळालं म्हणून ओरडतात. खरी अडचण पाण्याची. बेसॉल्टच्या खडकातून आलेलं आमच्या पठारावरचं बोअरचं पाणी बायकार्बोनेटने जड असतं. अशा पाण्यात फेरस टाकलं की पाच-दहा मिनिटांत गढूळ तांबडा चोथा तयार होतो. तो नोझल तुंबवतो आणि पानाच्या कामाचा राहत नाही. आमच्याकडे ‘फेरस चालत नाही, चिलेटच लागतं’ हे मत याच चोथ्यामुळे पक्कं झालं होतं. उपाय साधा निघाला. आधी पाण्यात सायट्रिक आम्ल टाकून पीएच पाचच्या आसपास आणायचा, मग फेरस. अमोनियम सल्फेट त्याच्यासोबत असलं तर लोह आणखी स्थिर राहतं. टाकी भरली की लगेच मारायची. दुपारच्या चहानंतर उरलेलं मारू, असं चालत नाही. पीएच तपासायच्या पट्ट्या माळ्याच्या खिशात असल्या पाहिजेत, ऑफिसातल्या कपाटात नाही.

फेरसचे डाग हा मात्र खरा खर्च आहे. बग्गीच्या सिमेंट रस्त्यावर थेंब पडला की तांबडा ठिपका कायमचा. ओल्या फवारणीवरून कुणी चाललं तर दुसऱ्या दिवशी ग्रीनवर पावलं उमटलेली दिसतात, त्यामुळे फवारणारा नेहमी मागे चालत जातो. पांढऱ्या बुटांचं मी बोलतच नाही.

मिसळताना कॅल्शियम नायट्रेट कुणाशीही घालू नका, सल्फेटशी तर नाहीच. टाकीत जिप्सम बसतो. नवीन मिश्रण आधी काचेच्या बरणीत करून पाहायचं, अर्धा तास ठेवायचं, तळाला काही बसलं तर ते टाकीत जाणार नाही. पावसाळ्याआधी कॅल्शियम नायट्रेटची गोणी भरून ठेवू नका. हवेतलं पाणी ओढून ती आपोआप द्रवखत बनते. बाकीची विद्राव्य खतं २५ किलोच्या गोणीत घ्या. तीच ग्रेड एक किलोच्या पुडीत बरीच महाग पडते.

पंपाबद्दल थोडक्यात. बागेच्या पंपाला येणारं फिरकी नोझल गोल धुकं करतं. ग्रीनला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं नोझल हवं. चार नोझलांची दोन मीटरची पट्टी घ्या, प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून मिनिटाचं पाणी मोजा, जे नोझल बाकीच्यांपेक्षा जास्त देतं ते बदला. मग एक हात उभा, एक हात आडवा, दर हाताला चौरस मीटरमागे ४० मिलि. आडव्या-उभ्या हातांनी पट्टे दिसत नाहीत आणि चुकलेली जागा दुसऱ्या हातात भरून निघते.

किती दिवसांनी फवारायचं हे वेळापत्रकावर ठरवू नका, टोपलीवर ठरवा. कटिंगच्या टोपल्या मापाच्या बादलीत ओतायच्या आणि लिटर लिहून ठेवायचे. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर दहा लिटर आले म्हणजे चौरस मीटरला २० मिलि. प्रत्येक कोर्सला आपला आकडा सापडतो. आमच्याकडे टोपली त्या आकड्याच्या खाली राहू लागली की नत्र द्यायचं, वर गेली की फवारणी एक आठवडा पुढे. डिसेंबर-जानेवारीत पठारावरचं रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरतं, बर्म्युडा झोपते, पात्यांवर जांभळट झाक येते. तेव्हा नत्र ढोसून ती उठत नाही. थोडं फेरस मारून रंग सांभाळायचा आणि खताचे पैसे मार्चसाठी राखायचे. पावसाळ्यात उलट परिस्थिती: आठवडेच्या आठवडे ढग, मुळाशी पाणी साचलेलं, दाणेदार खत वाहून जाणारं. तेव्हा उघडीप मिळेल तशी ०.३ ग्रॅमची हलकी फवारणी हीच खरी सोय, आणि पानावरच्या खतांचा सगळ्यात मोठा फायदा याच दिवसांत दिसतो.

समुद्रशेवाळ, ह्युमिक, अमिनो यांना द्राक्षपट्ट्यात ‘टॉनिक’ म्हणतात. २०२१ पासून ती जैवउत्तेजकं म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे निदान नोंदणी तरी विचारता येते. मी त्यांच्याविरुद्ध भाषण करत नाही. मी एक मीटर लांब-रुंद प्लायवूड ठेवतो. फवारणीच्या आधी ते ग्रीनच्या मागच्या बाजूला, खेळाच्या वाटेपासून दूर टाकायचं, फवारायचं, उचलायचं. जागेच्या कडेला दोन टी खुपसून ठेवायच्या. युरिया मारला तर आठवड्याभरात चौकोन फिका दिसतो, कुणालाही दाखवता येतो. ज्या बाटलीनंतर चौकोन शोधूनही सापडत नाही, ती परत मागवायची नाही. आमच्या गोदामातल्या बऱ्याच बाटल्या अशा गेल्या. ग्रीन कमिटीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी एका बाटलीचा फार आग्रह धरला होता. त्यांना मुकादमानेच ग्रीनवर नेलं आणि म्हणाला, “काका, चौकोन तुम्हीच दाखवा.” काका बराच वेळ वाकून पाहत राहिले.

महाग माल मी अजिबात घेत नाही असं नाही. स्पर्धेच्या आठवड्यात चिलेटेड लोह घेतो, एफई-ईडीटीए, १२ टक्क्यांचं. डाग कमी पडतात आणि सकाळी पाहुणे येणार असताना चोथ्याचा धोका पत्करायचा नसतो. माणसं कमी असतील तेव्हा तयार द्रवखतही घेतो; चार जणांचं मापं घेणं-ढवळणं वाचत असेल तर त्या मजुरीचा हिशेब नत्राच्या भावात धरायला हरकत नाही. पण ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला एक पत्र जातं. नत्र, स्फुरद, पालाश आणि लोह किती टक्के, टक्के वजनावर की आकारमानावर, लिटरचं वजन किती, बाय्युरेट किती, नोंदणी क्रमांक काय. जे लेखी उत्तर देतात त्यांचे दर मी किलो नत्राच्या भावात मांडून कमिटीपुढे ठेवतो. जे ‘सर, आमच्या प्रॉडक्टचं तसं मोजता येत नाही’ म्हणतात, त्यांना चहा पाजतो आणि गेटपर्यंत सोडायला जातो.